जुना पिकअप घेताना आधी चासी पाहा, मग रंग

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुनी वाहने घेणाऱ्यांसाठी आपल्या दैनिकाने नुकताच एक मार्गदर्शनपर लेख प्रसिद्ध केला. इंजिनाचा आवाज, टायरची झीज, क्लच, गिअर, कागदपत्रे, विमा यांवर त्यात नेमकेपणाने लिहिले होते आणि त्याबद्दल लेखकाचे आभारच मानायला हवेत. परंतु गंजाचा विषय ‘बाहेरून कुठे गंज दिसत नाही ना, तेही पाहून घ्यावे’ एवढ्या एका वाक्यात आटोपला होता. छोट्या मोटारीच्या खरेदीत हे एक वेळ खपून गेले असते. पिकअपच्या बाबतीत मात्र तपासणीचा क्रम नेमका उलटा असायला हवा, असे वाहनांच्या पत्रेकामात आणि चासीच्या दुरुस्तीत उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला ठामपणे वाटते. ते का वाटते आणि गंज पाहायचा तो कुठे व कसा, हे सांगण्यासाठी हे जरा लांबलेले पत्र लिहीत आहे.

बहुतेक छोट्या मोटारींत तळ, खांब, छत आणि बाजूचे पत्रे जोडून एकच सलग सांगाडा केलेला असतो. ओझे वाहणाऱ्या बहुतेक पिकअपची बांधणी वेगळी असते. त्यांच्या खाली स्वतंत्र चासी असते, म्हणजे दोन लांब मेंबर (लोखंडी तुळया) आणि त्यांना ठिकठिकाणी जोडणारे आडवे मेंबर. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), एक्सल, रबरी बुशांवर टेकलेली केबिन आणि बोल्टने आवळलेला मालाचा हौदा हे सगळे त्या चासीवर बसवलेले असते. त्यामुळे इंजिन बसले तर ते उघडून बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, केबिनचा पत्रा कापून नवा लावता येतो. पण चासी सडली, की त्या वाहनाचा आधारच जातो. चासी बदलायची म्हणजे अख्खे वाहन सुटे करून पुन्हा जुळवायचे, आणि त्या खर्चात बहुतेकदा दुसरे बरे वाहन येते. शिवाय वाहनाची कायदेशीर ओळख असलेला चासी क्रमांकही याच लोखंडावर ठोकलेला असतो. तो गंजाने खाल्ला असेल किंवा त्या जागी घासून रंग मारलेला असेल, तर यंत्र ठणठणीत असूनही नोंदणीच्या वेळी नवा मालक अडचणीत येतो. म्हणून वाहनाला हात लावण्याआधी तो क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचून कागदाशी ताडून घ्यावा.

गंज धरतो कसा, हे थोडे समजून घेतले तर तो शोधायचा कुठे हे वेगळे पाठ करावे लागत नाही. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एकत्र मिळाले की गंज सुरू होतो. त्यात मीठ मिसळले तर पाण्यातून वीज सहज वाहते आणि हीच क्रिया कितीतरी वेगाने होते. ॲल्युमिनियमवर चढणारा थर घट्ट बसून आतल्या धातूचे रक्षण करतो, तसे लोखंडाच्या गंजाचे नाही. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खालच्या निरोगी लोखंडाला पुन्हा पाणी पुरवत राहतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो. दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतील आणि त्यांच्यामध्ये गंज शिरला, तर तो फुगून त्या जाड पत्र्यांनाही वाकवतो आणि रिव्हेट ताणतो. तेव्हा गंज पाहायचा म्हणजे ओल साचते कुठे, चिखल अडकतो कुठे आणि दोन पत्रे एकावर एक येतात कुठे, हे पाहायचे. वारा खेळतो, पाणी निथळते, अशा सपाट जागेचा गंज डोळ्यांत भरतो खरा, पण क्वचितच घात करतो.

वाहनाखाली शिरण्याआधी मालकाशी बोलावे आणि या पिकअपने आजवर काय वाहिले ते विचारावे. किती किलोमीटर धावला, हे सगळेच विचारतात. हौद्यात काय भरले जायचे, हे फारसे कोणी विचारत नाही. बर्फ घातलेली मासळी, मीठ, रासायनिक खत, शेण किंवा ओली वाळू वाहिलेल्या वाहनाच्या तळाची अवस्था, कापडाचे गठ्ठे किंवा खोकी वाहिलेल्या त्याच वयाच्या वाहनापेक्षा फार वेगळी असते. मासळीच्या पाण्यात मीठ असते आणि ते हौद्याच्या फटींतून थेट चासीवर ठिबकत राहते. खतांतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे वाहन कोरड्या जागी उभे असले तरी लोखंड ओलेच राहते. वाहन कुठे राहिले, हा दुसरा प्रश्न. समुद्रकाठची खारी हवा आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ हे चासीचे दोन मोठे शत्रू आहेत. अशा ठिकाणचे चार वर्षांचे वाहन कोरड्या प्रदेशातल्या दहा वर्षांच्या वाहनापेक्षा सडलेले निघू शकते, म्हणून केवळ मॉडेलचे वर्ष पाहून गंजाचा अंदाज बांधू नये. नोंदणी आज कोणत्या गावची आहे यापेक्षा आधीच्या नोंदी कुठल्या आहेत, हे कागदांत पाहावे.

तपासणीसाठी वाहन लिफ्टवर किंवा वर्कशॉपच्या खड्ड्यावर घ्यावे, आणि ते वर्कशॉप विक्रेत्याच्या ओळखीचे नसावे. विक्रेता यालाच नकार देत असेल, तर पुढची तपासणी करायची गरज उरत नाही. लिफ्ट मिळाली नाही तर जमिनीवर सतरंजी टाकून आडवे होऊन पाहता येते, कारण पिकअप पुरेसा उंच असतो. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कधीही शिरू नये. गंज पाहायला गेलेल्याच्या बाबतीत हा धोका दुप्पट असतो, कारण जॅक ज्या जागी टेकवला ती जागाच सडलेली असेल तर जॅक लोखंडात घुसतो आणि वाहन खाली येते. तळाला चिखलाचे थर असतील तर आधी धुऊन घ्यायला सांगावे, वाळू द्यावे आणि मग पाहावे. वाहनही कोरडे असताना पाहावे, कारण ओल्या पत्र्यावर फिका पडलेला आणि नवा मारलेला रंग सारखेच चकाकतात. सोबत चांगला टॉर्च, छोटी हातोडी, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक आणि डोळ्यांवर चष्मा एवढे असले की पुरते. चष्म्याचा उल्लेख थट्टेने केलेला नाही. चासीवर हातोडी मारली की पहिला कचरा डोळ्यांतच पडतो.

सुरुवात मागच्या चाकापासून करावी. मागचा एक्सल जिथे असतो, तिथे चासीचे लांब मेंबर कमान घेऊन वर जातात, आणि त्या कमानीच्या पुढच्या बाजूला पाट्यांचा पुढचा हँगर, म्हणजे पाटे चासीला टांगणारा लोखंडी आधार, रिव्हेट किंवा वेल्ड केलेला असतो. चाकाने उडवलेला चिखल नेमका इथे बसतो, हँगरच्या पट्टीमागे अडकतो आणि कोरड्या दिवसांतही आतून ओला राहतो. वर हौदा असल्यामुळे तिथे ऊन पोहोचत नाही. या जागेपासून हातोडीने हलके ठोकत मेंबरवरून पुढे सरकावे. निरोगी लोखंडावर हातोडी उसळते आणि खणखणीत आवाज येतो. लोखंड पातळ झाले असेल तिथे हातोडी उसळत नाही, आवाज बद्द येतो, आणि पुष्कळदा भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्यांसारखे थरच्या थर सुटून खाली पडतात. पडलेला तुकडा हातात घेऊन त्याची जाडी पाहावी. नखाने चुरडणारी तांबूस पूड असेल तर तो वरवरचा गंज. पण कडक, काळपट, एकावर एक थर असलेला तुकडा पडत असेल, तर तेवढ्या प्रमाणात चासीचे मूळ लोखंड कायमचे गेले आहे. असा तुकडा पडला त्या जागी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक अंगठ्याच्या जोराने दाबून पाहावे. ते आत रुतले किंवा आरपार गेले, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी बोलणे तिथेच थांबवावे. विक्रेत्याला आधी सांगून हे करावे, हे वेगळे सांगायला नको. चांगल्या चासीला या दाबाने ओरखड्यापलीकडे काही होत नाही आणि चांगल्या वाहनाचा मालक त्याला हरकतही घेत नाही.

मेंबरचा छेद कसा आहे, यावरही तपासणी अवलंबून असते. जुन्या आणि जड कामाच्या पुष्कळ वाहनांत मेंबर एका बाजूने उघडे, पन्हळीच्या आकाराचे असतात. त्यांचा आतला भाग दिसतो, हाताला लागतो, धुता येतो आणि रंगवताही येतो. बंद पेटीच्या आकाराचे मेंबर पीळ सहन करायला अधिक मजबूत असतात, परंतु त्यांच्या भोकांतून आत गेलेले पाणी आणि माती बाहेर येईलच असे नाही. खालची निचऱ्याची भोके चिखलाने बुजली, की अशी चासी आतून सडू लागते आणि बाहेरचा काळा रंग मात्र अखेरपर्यंत शाबूत दिसतो. इथे हातोडीचा आवाज आणि आत डोकावणे यांवाचून इलाज नाही. मोबाइलला जोडता येणारा बारीक केबलचा कॅमेरा आता सहज मिळतो. तो चासीच्या बाजूच्या भोकातून आत सरकवून खालचा तळ पाहावा. कॅमेरा नसेल तर बोट किंवा वाकवलेली तार घालून आतली माती काढून पाहावी. सुकी माती निघाली तर ठीक. ओल्या मातीबरोबर लोखंडाचे पापुद्रे निघाले, तर बाहेरच्या रंगावर विसंबू नये.

चासीच्या गंजाची ही भीती एखाद्या जुन्या कारागिराचा बाऊ आहे असे कोणाला वाटेल, म्हणून सार्वजनिक नोंदीतले उदाहरण देतो. टिकाऊपणासाठी जगभर नाव असलेल्या टोयोटाने २००८ साली अमेरिकेत १९९५ ते २००० या काळातल्या टॅकोमा पिकअपसाठी चासीच्या गंजापुरती हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली, आणि जी वाहने दुरुस्तीपलीकडे गेली होती ती मालकांकडून परत विकत घेतली. २००९ मध्ये २००० ते २००३ च्या टुंड्रा पिकअप परत बोलावण्यात आल्या, कारण मागचा आडवा मेंबर गंजून त्याच्या आधाराने लटकवलेली स्टेपनी रस्त्यात गळून पडण्याचा धोका होता. पुढे २०१६ मध्ये टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोया मिळून सुमारे १५ लाख वाहनांच्या चासींबाबत न्यायालयीन तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण तपासणी करून देण्याचे आणि गंजाने १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे भोक पडले असेल तर चासी बदलून देण्याचे ठरले. नामांकित कंपनीच्या चासीची ही कथा असेल, तर केवळ कंपनीचे नाव ऐकून खालचे लोखंड चांगलेच असेल असे धरून चालता येणार नाही. टुंड्राच्या उदाहरणावरून आणखी एक सवय लावून घ्यावी. मागे स्टेपनी असते त्याच्या वरचा आडवा मेंबर दिसत नाही, म्हणून स्टेपनी खाली उतरवून घ्यावी आणि तिचा साखळदंड व आधाराची पट्टी पाहावी. स्टेपनी वर्षानुवर्षे न उतरवल्यामुळे तिची यंत्रणाच गंजून जाम झालेली असते, हेही तेव्हाच कळते.

यानंतर पाट्यांकडे वळावे. पाट्यांचा मागचा शॅकल (पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणारी हलती कडी) आणि त्याची पिन, तसेच पाट्यांच्या मधल्या फटी पाहाव्यात. दोन पाट्यांमध्ये गंज फुगून फट पडली असेल, तर गंजलेल्या खड्ड्यापासून पाट्याला तडा जाऊ शकतो. पाटे बदलता येतात, त्यामुळे हे काही वाहन सोडून देण्याचे कारण नाही; मात्र पाटे ज्याला टांगले आहेत तो हँगर चासीपासून सुटत असेल, तर ती गोष्ट वेगळी. केबिन ज्या कानांवर टेकलेली असते, ते चासीला जोडलेले कान विशेषतः पुढच्या चाकांमागे सडतात. दाराची फट वर आणि खाली सारखी नसेल, किंवा केबिन आणि हौदा यांमधले अंतर एका बाजूला कमी दिसत असेल, तर अपघाताची शंका तर घ्यावीच, पण केबिनचा कान खचलेला नाही ना हेही पाहावे. डिझेल टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि टाकीचा वरचा भाग हात घालून चाचपावा.

ब्रेकच्या नळ्या पाहताना मात्र घाई करू नये. चासीला समांतर जाणाऱ्या या पोलादी नळ्यांची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपांखाली माती अडकून तिथेच गंज खोल जातो. रोजच्या हलक्या ब्रेकला त्या तग धरतात; अचानक कच्चकन ब्रेक दाबल्यावर आतला दाब वाढतो आणि नळी नेमकी तेव्हा फुटते. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली २००७ आणि त्याआधीच्या मॉडेलांच्या मालकांना ब्रेकच्या नळ्या गंजासाठी तपासून घेण्याची आणि मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून फिरलेल्या वाहनांचा तळ धुण्याची सूचना काढली होती, ती याच कारणाने. नळीवरचा थर सोलून खडबडीत खवले दिसत असतील, तर सगळ्या नळ्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा आणि त्या बदलल्याशिवाय वाहन रस्त्यावर काढू नये.

घाबरू नये अशाही जागा आहेत, आणि त्या सांगणे मला तितकेच गरजेचे वाटते, कारण नवखा गिऱ्हाईक बहुधा चुकीच्या गंजाला भिऊन चांगले वाहन सोडतो. एक पावसाळी रात्र बाहेर उभे राहिलेल्या वाहनाच्या ब्रेक डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो. एक्झॉस्टचा ओतीव भाग आणि सायलेन्सर तपकिरी दिसणारच. एक्सलचे जाड कवच, प्रॉपेलर शाफ्ट आणि बोल्टची डोकी यांवरचा पातळ गंज पाच-दहा वर्षांच्या वाहनावर अपेक्षितच असतो. चासीवर सर्वत्र सारखा, गुळगुळीत, फिकट तांबूस रंग असलेले प्रामाणिक वाहन मी काळ्या लेपाने चकाकणाऱ्या वाहनापेक्षा केव्हाही पसंत करीन.

या काळ्या लेपाविषयी सावध करणे आवश्यक आहे. विक्रीला काढण्याआधी तळाला डांबरी किंवा रबरी कोटिंग मारून घेण्याची पद्धत रूढ आहे, आणि मारणाऱ्याचा हेतू नेहमीच वाईट असतो असे नाही. परंतु गंजलेल्या लोखंडावर मारलेला कडक लेप गंज थांबवत नाही. काही काळाने त्याला बारीक भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरते आणि बाहेर येण्याची वाट मात्र बंद असते. लेप ताजा आहे की कारखान्यातला, हे ओळखणे कठीण नाही. कारखान्यातला थर नेमक्या जागीच असतो. विक्रीसाठी घाईने मारलेला लेप ब्रेकच्या नळ्यांवर, रबरी बुशांवर, वायरिंगवर, सायलेन्सरवर आणि कारखान्याच्या चिठ्ठ्यांवरही उडालेला दिसतो, आणि वास तर लपतच नाही. अशा चासीवर हातोडी अधिक बारकाईने फिरवावी, आणि लेप नखाने उचकटताच खालून लाल पूड निघाली तर खुशाल तसे बोलून दाखवावे. तेल किंवा मेणाचा मऊ लेप असेल, तर उलट मालकाने काळजी घेतली असण्याचा संभव अधिक; हा लेप हाताला चिकटतो, धूळ धरतो, दिसायला ओंगळ असतो, त्यामुळे दिखाव्यासाठी तो कोणी मारत नाही. गंजावर लावायचे रसायन वापरून तो काळा केलेलाही दिसतो. वरवरच्या गंजावर त्याचा उपयोग होतो, पण गेलेली जाडी त्याने परत येत नाही.

वेल्डिंगची ठिगळे हा त्याहून गंभीर प्रकार आहे. चासीवर चौकोनी पट्टी बसवून तिच्या कडेने वेल्ड मारलेले दिसले, तर त्या पट्टीमागे भोक आहे असे समजूनच पुढे बोलावे. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा जस्ताचा आणि रंगाचा थर जळून जातो, बंद मेंबरच्या आतल्या बाजूला पुन्हा रंग पोहोचत नाही, आणि नवा गंज नेमका वेल्डच्या कडेने सुरू होतो. सडलेला भाग कापून, त्याच जाडीचे लोखंड नीट जोडून, आतून मेणाचा फवारा मारून केलेले काम टिकते. तसे काम करणारा कारागीर त्याची छायाचित्रे आणि बिल देतो. जुन्या गंजावरच पट्टी चिकटवून वर काळा रंग मारणे याला मी दुरुस्ती म्हणणार नाही, आणि हे वाक्य माझ्याच व्यवसायातल्या काही जणांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

चासी कसोटीला उतरली, की मग वरचा पत्रा. तो जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो, त्यामुळे चासीच्या कितीतरी आधी त्याला भोक पडते. पण तो बदलताही येतो. चाकांवरच्या मडगार्डच्या आतल्या दुमडीत, दारांच्या खालच्या काठाला, दाराखालच्या पोकळ पट्टीत आणि पुढच्या काचेच्या रबराखाली गंज आधी धरतो. रंगावर मोहरीएवढे फोड दिसत असतील, तर गंज आतून बाहेर आलेला असतो आणि त्या फोडामागची सडलेली जागा दिसते त्याहून मोठी असते. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मडगार्डच्या कडेवरून सावकाश फिरवावे. चांगल्या पत्र्यावर ते सारख्या ओढीने चिकटत जाते. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे ओढ अचानक ढिली पडते, आणि लांबी जाड असेल तर चुंबक खाली घसरतो. डाव्या आणि उजव्या बाजूची तुलना केली की शंका उरत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मात्र चुंबक चिकटत नाही आणि त्यावरून लांबीचा निष्कर्ष काढू नये. फोर्डच्या एफ-१५० ची केबिन आणि हौदा २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचे आहेत, चासी अर्थातच पोलादाची. दारे उघडून खालच्या काठावरची निचऱ्याची भोके मोकळी आहेत का पाहावे, आणि त्या काठाच्या आतून बोट फिरवावे. दाराचा बाहेरचा पत्रा नवा रंगवलेला आणि आतली दुमड खडबडीत, हे दृश्य मी फार वेळा पाहिले आहे.

हौद्यात प्लॅस्टिकचे सुटे लायनर टाकलेले असेल तर ते उचलून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. माल घासून लायनरखालचा रंग निघतो, वाळू आणि पाणी त्याखाली अडकते, आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या लायनरखाली तळाला चाळण झालेली असू शकते. फवारून घट्ट बसवलेले लायनर त्या मानाने बरे, पण त्याच्या कडा सुटलेल्या नाहीत ना, हे पाहावे. मागच्या फाळक्याचा खालचा काठ आणि बिजागऱ्या, हौद्याच्या पुढच्या भिंतीचा तळाशी असलेला जोड, आणि खालून हौद्याचे आडवे आधार या जागा विसरू नयेत. केबिनमध्ये पायाखालची मॅट आणि त्याखालचे जाजम उचलावे. ओल, कुबट वास, सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज, कानाकोपऱ्यांत बारीक गाळ असे सगळे एकत्र दिसले, तर वाहन पुराच्या पाण्यात बुडालेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि तेव्हा प्रश्न पत्र्यापुरता राहत नाही, वायरिंगचा होतो.

एवढे पाहिल्यावर निर्णय फारसा अवघड राहत नाही. पत्र्याचा गंज हा किमतीचा विषय आहे. दारे, मडगार्ड, हौद्याचा तळ यांच्या कामाचा अंदाज कारागिराकडून लेखी घ्यावा आणि तेवढी रक्कम कमी करून मागावी. चासीवरचा वरवरचा गंज हा देखभालीचा विषय आहे; घासून, प्रायमर आणि योग्य लेप लावून, निचऱ्याची भोके मोकळी ठेवून असे वाहन वर्षानुवर्षे चालते. चासीला पडलेले भोक, फुगलेले जोड आणि पाट्यांच्या हँगरजवळची ठिगळे यांच्यासाठी मात्र कोणतीही सूट पुरेशी नाही. हौद्यात मर्यादेपर्यंत माल भरून वळणावर जाणाऱ्या वाहनाची चासी तुटली, तर त्यात मालकाबरोबर रस्त्यावरचे इतर लोकही सापडतात. ‘स्वस्तात मिळतोय, नंतर वेल्डिंग करून घेऊ’ हा हिशेब म्हणूनच मला मान्य नाही.

शेवटी आपल्याला आणि आपल्यामार्फत जुनी वाहने विकणाऱ्यांना एक विनंती. आपल्या दैनिकात पिकअपच्या जाहिराती येतात, त्यांत पुढून आणि बाजूने काढलेली चकचकीत छायाचित्रे असतात. मागच्या चाकाजवळच्या चासीचे, पाट्यांच्या पुढच्या हँगरसह काढलेले एक छायाचित्र आणि तळाला लेप कधी मारला याची तारीख एवढ्या दोनच गोष्टी जाहिरातीत देण्याची प्रथा आपण सुरू करून द्यावी. ते छायाचित्र काढायला विक्रेत्याला दोन मिनिटे लागतील, आणि सडलेल्या वाहनासाठी दूरवरून येणाऱ्या गिऱ्हाइकाची खेप वाचेल. ज्या जाहिरातीत ते छायाचित्र नसेल, तिथे खरेदीदाराने फोनवर पहिल्यांदा तेच मागावे.

आपला,
चासी आणि पत्रेकामाचा एक जुना कारागीर